बिनदाताचा वरचा सा

पेणजवळच्या खाडीकाठचा काळुराम मिठागरात राबायचा आणि लगीनसराईत गावच्या खालूबाज्यात, म्हणजे ढोल-सनईच्या ताफ्यात, सनई वाजवायचा. बापाच्या मागे बसून शिकलेला. त्याची सनई वर चढली की मांडवातल्या म्हाताऱ्या बोलणं थांबवत.

त्र्याण्णव साली त्याचे पुढचे दात हलायला लागले. डॉक्टरांनी वरचे चार काढले. जखम भरल्यावर काळुरामने सनई तोंडाला लावली, तर खालचे सूर नेहमीसारखे गोड. पण वर जायला लागला की आवाज फाटे, नाहीतर नुसती हवा निघे. वरचे सूर काढताना आपण ओठांआडून दातांनी सनईच्या तोंडाची पत्ती दाबत आलो, हे त्याला दात गेल्यावर कळलं.

बायजा, त्याची बायको, अंगणातून ओरडली, "अवो, बांधावर जाऊन वाजवा! कोंबड्या भेदरल्यात."

ढोल वाजवणारा जगन म्हणाला, "खालीच वाजव ना. वरातीत कोण ऐकतंय?"

"मी ऐकतो ना!" काळुराम म्हणाला.

पुढे रोह्याला एका लग्नात मुलाकडच्यांनी बँड आणला होता. त्यात क्लॅरिनेट वाजवणारे सईदभाई वयाने मोठे. काळुरामचा सूर फाटलेला त्यांनी ऐकला आणि पंगत उठल्यावर त्याला मांडवामागे घेऊन गेले.

"तान्ह्या पोराला दात नसतात, तरी दूध कसा ओढतो?" त्यांनी विचारलं.

"ओठांनी."

"मग! पत्ती थोडी आत घे. ओठ आवळ, पण चावू नको. बाकीचा जोर इथून." त्यांनी काळुरामच्या पोटावर तळहात ठेवला. "फुंकताना हा घट्ट लागला पायजे."

काळुराम रोज दुपारी बांधावर बसू लागला. आधी खालचा एक सूर लांबवायचा, मग पायरीपायरीने वर. दातांची सवय जाता जाईना. हिरड्या सुजल्या, ओठ असे थकत की चहा हनुवटीवरून ओघळे. पण पंचम लागला. मग धैवत. आणि एका दुपारी वरचा सा आला, बारीक, थरथरता, पण न फाटता टिकला. काळुराम इतका दचकला की स्वतःच थांबला.

मिठाची टोपली डोक्यावर घेतलेली सरू बांधावर उभी होती. "काळूदादा, थांबलास कशाला? बरा वाटत होता."

त्याने पुन्हा फुंकला. पुन्हा लागला.

पुढच्या लगीनसराईपर्यंत काळुरामने कवळी करून घेतली. पुतणीच्या, दिपिकाच्या लग्नात वरात निघायच्या वेळी त्याने ती काढली, रुमालात गुंडाळून बायजाच्या हातात दिली आणि सनई उचलली. वरचा सा लागला तशी त्याने मान तिरकी करून जगनकडे बघितलं. जगनने हसत ढोलावर थाप वाढवली.

"गो बायजा, दात काढून वाजवतोय व्हय तो?" शेजारणीने विचारलं.

"ते जेवायचे दात हायत," बायजा म्हणाली. "वाजवायला लागत नाय."