त्या कधी ‘थांब’ म्हणाल्या नाहीत

जानेवारीतली सकाळ होती. अंगणात उन्हाला पाठ देऊन मी तुरीच्या शेंगा निवडत बसले होते. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा म्हणजे प्रमिलाताईंचा जीव की प्राण. दवाखान्यातून घरी आल्या की आधी ह्याच द्यायच्या, असं ठरवून मी ह्यांना भल्या सकाळी बाजारात पिटाळलं होतं. फोन वाजला. त्यांच्या मुलीचा, सुजाताचा. “काकू, आई गेली हो...” एवढंच बोलली पोर. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, “अगं, पण मी शेंगा आणल्यात.” अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलून जातो. सुजाताही बिचारी म्हणाली, “हो काकू,” आणि आम्ही दोघी फोन कानाला लावून नुसत्या रडत राहिलो.

त्याच आठवड्यात पुण्याहून मुलाचा निरोप आला, आता तरी इकडे या. मी चिडले नाही. कारण त्याने म्हणायच्या आधीच तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. राहायचं की जायचं, हा प्रश्न आमच्या घरात पाच वर्षांपूर्वी एकदा निकालात निघाला होता आणि तो निकालात काढणारी बाईच आता निघून गेली होती. गंमत अशी की त्यांनी त्यासाठी मला एक शब्दही सांगितला नव्हता. तेच लिहायला बसले आहे.

प्रमिलाताई माझ्या नात्याच्या ना गोत्याच्या. शेजारीण. सव्वीस वर्षं आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी एक भिंत आहे आणि आमचं सगळं आयुष्य त्या भिंतीवरून इकडून तिकडे गेलं आहे. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, मूळच्या उमरेडकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा लवकर गेला. एकटीनं पोरीला शिकवलं, नाशिकला लग्न करून दिलं, पण ह्याचं रडगाणं कधी गायल्या नाहीत. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा माझा नऊ वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता. मी त्याला स्वेटर, टोपी, वरून दोन पांघरुणं घालून त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसले होते. ओळख ना पाळख, ही बाई भिंत ओलांडून सरळ घरात आली आणि म्हणाली, “बह्याड हायेस काय वं? लेकराले तापात भाजून राहिली काय?” सगळे कपडे काढले, ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसलं, ताप उतरेपर्यंत बसून राहिल्या. मी तेव्हा शाळेच्या ऑफिसात नोकरीला होते, सगळे मला बाई म्हणायचे. बह्याड, म्हणजे वेडी, म्हणणारी ही पहिलीच! मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी मुलगा हसायला लागला तेव्हा तो राग गेला.

त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, आमच्या अंगणात तुळस. त्यांच्याकडची खीर आमच्याकडे यायची, आमच्या पुरणपोळ्या त्यांच्याकडे जायच्या. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, असं त्या म्हणाल्या असत्या. म्हणून सांगत नाही.

पाच वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले, माझी नोकरी त्याआधीच संपली होती. मुलगा पुण्याला. सून चांगली, नातू गोड, फ्लॅटमध्ये आमच्यासाठी वेगळी खोली. मग नागपूरच्या उन्हात का म्हणून भाजून निघायचं? नातेवाइकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी मतं दिली. नणंद म्हणाली, जा. भाऊ म्हणाला, राहा, पिकल्या पानांनी झाडाजवळच राहावं. मी मात्र एकाच मताची वाट पाहत होते. मी मुद्दाम भिंतीपाशी जाऊन दहा वेळा तोच विषय काढायचे. “ताई, जायचं म्हणतोय आम्ही.” “जा न मंग.” “पण इथलं सगळं सोडून...” “काहून? तिथं पोरगा आहे न तुहा.” बस. सव्वीस वर्षांतली एकवीस तेव्हा झाली होती आणि बाईला काहीच वाटत नव्हतं! मी घरात येऊन ह्यांच्यावर चिडचिड करायचे. हे म्हणायचे, “त्यांनी थांब म्हटलं तर थांबणार आहेस का?” मी म्हणायचे, “ते नंतर बघू, पण म्हणायला काय जातं?” घर विकायला निघालो तेव्हा मात्र त्या एवढंच बोलल्या, “नव्या जागी एक उन्हाळा काढून पाय. मंग इक. चाबी माह्यापाशी दे.” दिवाळीनंतर आम्ही निघालो. त्या फाटकापर्यंत आल्या, सुनेसाठी तिळाची चटणी दिली आणि रिक्षा वळायच्या आत घरात निघून गेल्या. मी रिक्षात तोंड फुगवून बसले होते.

पुण्याला काही वाईट झालं नाही. वाईट झालं असतं तर सोपं होतं. सकाळी फिरायला बाग, संध्याकाळी नातू, मधला दिवस मात्र काही केल्या सरकत नसे. शेजारच्या दाराला रोज कुलूप. लिफ्टमध्ये बायका छान हसायच्या आणि आपापल्या मजल्यावर उतरून जायच्या. आणि मार्चमध्ये आम्ही एक मूर्खपणा केला. नागपूरहून येताना सामानात आम्ही आमचा लहान कूलर आणला होता. हो, पुण्याला कूलर! होळी झाली की कूलर काढायचा, टाकी घासायची, गवत बदलायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. ह्यांनी तो बाल्कनीत मांडला, खिडकीला पुठ्ठा लावून झोकात सुरू केला. चार दिवसांत गाद्या ओलसर झाल्या, पापड मऊ पडले, आणि खालच्या मजल्यावर ठिबकणारं पाणी कुणाच्या तरी इस्त्री केलेल्या साडीवर पडलं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट तक्रार आली. मुलगा म्हणाला, “आई, इथे नाही लागत गं कूलर.” अगदी प्रेमाने म्हणाला. हे खाली वाकून पाइप काढायला लागले. साठी उलटलेला माणूस, ज्याने आयुष्यभर धरणाच्या कालव्याचं पाणी मोजलं, तो पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होता. मला फार वाईट वाटलं. पण परत जायचं कुणापुढे बोलायची सोय नव्हती. तिकडून कुणी बोलावलं होतं?

मे महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी नागपूरला आलो. आदल्या दिवशी ताईंना फोन करून फक्त चावी बाहेर ठेवा म्हटलं होतं. गाडी चार तास उशिरा. टळटळीत दुपारी, तोंडाला रुमाल बांधून, घामाने निथळत घरापाशी पोचलो. सहा महिने बंद घर, आत भट्टी असणार, जाळी असणार, असं म्हणत ह्यांनी दार उघडलं... आणि आतून वाळ्याचा गार वास आला. मोठा लोखंडी कूलर खिडकीत बसवलेला, टाकी भरलेली, नवं गवत, पंखा चालू. फरशी पुसलेली. माठात पाणी. तुळस अशी तरारलेली, जशी माझ्या हाताखाली कधी झाली नव्हती. मी तशीच भिंतीपाशी गेले. “ताई, आम्ही येणार म्हणून एवढं कशाला?” तर म्हणाल्या, “तुम्ही येणार ते काल समजलं वं. कूलर तं होळीपासूनच लागला आहे.”

“रिकाम्या घरात?”

“मंग? उन्हाळा काय माणसं पाहून येते? रोज धा मिनटं चालवते. नाई चालवला तं पंप जाम होते.”

आता ह्याला काय म्हणावं? कुलूपबंद घरात, कोणी नसताना, सत्तरीला टेकलेली बाई रोज येऊन टाकीत बादल्या ओतून कूलर चालवत होती! मी म्हटलं, बह्याड कोण आहे इथे? त्या मनापासून हसल्या. मग मी आत जाऊन पलंगावर आडवी झाले, त्या वाऱ्याखाली, आणि हमसून हमसून रडले. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, “मला परत जायचं नाही.” हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “मी परतीचं तिकीट काढलेलंच नाही.” इतका राग आला मला! एवढे दिवस दोघंही एकमेकांसाठी गप्प. ताईंना सांगितलं तेव्हा त्या काय म्हणाल्या असतील? “बरं. दूधवाल्याले सांगून ठेवते.”

त्यानंतरची पाच वर्षं मला मिळाली. मिळाली असंच म्हणते, कारण ती हातची गेलीच होती. सकाळचा चहा भिंतीवर. ह्यांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांनी ह्यांना असं दमात घेऊन चालवलं की हे आठव्या दिवशी त्यांना भिऊन जिना चढले. संत्र्यांच्या दिवसांत आम्ही दोघी फाटकात उभ्या राहून गाडीवाल्याशी हुज्जत घालायचो. माझ्या मनात मात्र एक ठुसठुस राहिलीच होती. डिसेंबरात त्या अंथरुणाला खिळल्या. हृदयाचं दुखणं, त्यांना सगळं कळत होतं, नर्सच त्या. एका दुपारी मी पाय चेपत बसले होते, तेव्हा एकदाचं विचारलं. “ताई, मी एवढी घुटमळत होते, तुम्हाला एकदाही ‘थांब’ म्हणावंसं वाटलं नाही?”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “वाटलं न. रोज वाटे. पण मी म्हटलं असतं, तं तू माह्यासाठी राहिली असती. मंग मी मेल्यावर हे घर तुले खायले उठलं असतं... अकरा वर्षांनी मोठी आहो मी तुह्याहून. एवढा हिशेब तं कराच लागते.” मी सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, “पाय सोड वं, गुदगुल्या होते.”

मागच्या आठवड्यात सुजाता घर आवरायला आली. भांडी, लुगडी, औषधांचे डबे... दोन दिवस आम्ही दोघी आवरत होतो. जाताना म्हणाली, “काकू, तुम्हाला काही हवं असेल तर घ्या.” मी त्यांची स्वयंपाकघरातली खुर्ची मागितली. वेताची होती, वेत तुटल्यावर त्यांनी स्वतः नायलॉनच्या निळ्या पट्टीने विणून काढलेली. एका बाजूने जरा झोल आहे. त्या डावा पाय वर घेऊन बसायच्या, म्हणून. ती खुर्ची मी माझ्या अंगणात ठेवली. पहिले दोन दिवस तिच्यावर बसवेना. काल संध्याकाळी बसले. त्या झोलात बरोबर बसता येतं, डावा पाय आपोआप वर घ्यावासा वाटतो. भिंतीपलीकडच्या घराला कुलूप होतं. पण माझं घर मला खायला उठलं नाही. ताईंनी म्हटलं होतं तसंच. मनात आलं, बाई, किती लांबवरचं बघून ठेवलंस गं माझ्यासाठी.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. खोली रंगवून घेतोय, कधी निघताय, असं विचारत होता. मी म्हटलं, आम्ही येऊ, महिनाभर राहू, नातवाच्या सुट्टीत तर नक्की येऊ. पण राहणार इथेच. तो काळजीने म्हणाला, “अगं पण आई, आता प्रमिलामावशीही नाहीत. तिथे कोण आहे तुझं?”

“मी आहे ना रे,” मी म्हटलं.