फरसाणच्या डब्यातली कार्डं

आमच्या उरवडे गावात जमीन कंपनीला गेली की चेकबरोबर आणखी एक गोष्ट घरात येते, मजूर पुरवण्याचं कंत्राट. आमच्या तीन एकरांच्या बदल्यात ते थोरल्या दिरांना मिळालं. मी बारावी झालेली, अक्षर बरं, म्हणून हजेरीचं पुस्तक माझ्याकडे आलं. पाठोपाठ फरसाणचा एक पत्र्याचा डबाही आला.

त्या डब्यात कामगारांची एटीएम कार्डं असत. कायद्याने ठरलेला पगार पूर्णच्या पूर्ण बँकेत जमा व्हायचा, कागद अगदी स्वच्छ. मग पगाराच्या दिवशी दीर डबा घेऊन पिरंगुटच्या एटीएमवर जायचे, सगळ्यांचे पैसे काढायचे आणि निम्मे पाकिटात घालून वाटायचे. उरलेले आमच्या घरात. कार्ड दिलं नाही तर काम नाही. पिनचा घोळ व्हायला लागला तेव्हा मी मेडिकलमधून पांढरी चिकटपट्टी आणली आणि प्रत्येकाला समोर बसवून त्याच्या कार्डामागे आकडे लिहिले. युक्ती माझीच. दिरांनी शाबासकी दिली आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

डब्यात सगळ्यात वर माझं कार्ड होतं. हजेरीत मलाही कामगार म्हणून लावलेलं होतं. पण मी घरची, आणि घरच्या बाईला कसला पगार? हे मला कुणी सांगावंही लागलं नाही.

पॅकिंगला ताम्हिणीकडची एक बाई होती. आमच्याच चाळीतल्या एका खोलीत भाड्याने राहायची. तिचं नाव मला पाठ होतं, रोज हजेरीत लिहायचे, पण हाक मारताना सगळे ‘ताम्हिणीवाली’च म्हणत, मीही. तिला मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. तिने कार्ड परत मागितलं. दीर हसले. तर ती एक दिवस खाडा करून पुण्याला गेली आणि कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज देऊन आली. एकटी.

तपासणीला साहेब आले ते नेमके पगाराच्या दिवशी. डबा माझ्या पिशवीत होता, पायाशी. साहेबांनी रांगेतल्या प्रत्येकाला विचारलं, पगार पूर्ण हातात मिळतो का? सगळे जमिनीकडे बघत हो म्हणाले. तिची पाळी आली.

“वयनींना इचारा की. समद्यांची कार्डं त्येंच्याकडंच हायेत.”

साहेब माझ्याकडे वळले. पायाने मी पिशवी हळूच टेबलाखाली सारली.

“मला काही माहीत नाही, साहेब.”

मला वाटलं ती शिव्या घालेल. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाली आणि रांगेत परत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला गेटवर अडवलं. आठवड्यात खोलीही खाली करून घेतली. तिची भांडी टेम्पोत चढत होती तेव्हा मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मुलीचं नर्सिंग राहिलं ते राहिलंच, हे नंतर कानावर आलं.

काही वर्षांनी माझे मालक गेले. तेराव्यानंतर मी दिरांना म्हटलं, इतकी वर्षं तुमचं पुस्तक सांभाळलं, माझे काय ते पैसे द्या. त्यांनी डब्यातून माझं कार्ड काढून पुढ्यात टाकलं.

“तुजा पगार दर म्हैन्याला बँकंत जमा झालाय. जा, बघून ये.”

बँकेत पासबुक छापायला दिलं. मशीन पानामागून पान छापत होतं. दर महिन्याला पगार आला होता आणि त्याच दिवशी गेला होता. मी तिथेच रडले. आधी स्वतःसाठी, आणि मग मला ती भांडी आठवली.

मी त्याच ऑफिसात अर्ज केला. आता तिथे मॅडम होत्या. म्हणाल्या, “कागदावर तुम्हाला पूर्ण पगार मिळालाय. कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात होतं, हे पाहिलेलं माणूस आणा.” मी पॅकिंगच्या सगळ्या बायकांकडे गेले. “वयनी, आमचं काम जाईल,” प्रत्येकीने हात वर केले. मला त्यांचा राग आला. कुठल्या तोंडाने आला, देव जाणे.

राहिली एकच. ती नेऱ्याला एका टॉवरमध्ये जिने पुसत होती. मी “ताई” म्हणून हाक मारली, तर तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. मी माफी मागायला लागले.

“ते ऱ्हाऊ द्या. कदी यायचं त्ये सांगा.”

“तुमचा खाडा पडेल.”

“पडंल की. पर हाय तेवढंच सांगनार मी. तुमच्या बाजूनं म्हनून न्हाई.”

सुनावणीला दीर वकील घेऊन आले होते. तिने सगळं सांगितलं, डबा, एटीएम, पाकिटं. मॅडमनी माझं कार्ड उलटं करून विचारलं, “हे आकडे कोणी लिहिले?”

“ह्या वयनींनीच. माज्या कार्डावरबी त्येंनीच लिवलं, माज्या म्होरं.”

वकील खूश झाला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणाले. “सगळ्या कार्डांवर माझंच अक्षर आहे. आणि मागे तपासणीला मी खोटं बोलले होते.”

त्यांनी ते लिहून घेतलं, पुढची तारीख दिली. माझा अर्ज पुढे चालणार होता. ताई उठली नाही.

“मॅडम, आता या सोताच सांगत्यात. मग माजंबी धरा की ह्यात.”

मॅडमनी तिच्या नावाची जुनी फाइल मागवली, वाचली. “तुमचा अर्ज तेव्हाच बंद झालाय, बाई. पुरावा नाही म्हणून. आता मुदत गेली.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून बस पकडायला गेली.