टोकावरचा वाटा

कुरखेड्याकडच्या त्या तलावात खडकाची एक सोंड लांबवर आत घुसली होती. तिला सगळे टोक म्हणत आणि वैशाखात टोकावर बसायचा मान झिंगू ढिवराचा. पाणी आटलं की गावचे ढिवर मिळून लाकडी डोंग्यांतून जाळं टाकत. कुररी हे पांढरं पाखरू जिथं घिरट्या घालून पाण्यात सूर मारी, तिथं मासोळी. झिंगू हात करी, डोंगे तिकडे वळत आणि त्याला बसल्या जागी एक वाटा मिळे. मालगुजारांची जमीनदारी गेली, तलाव सरकारचा झाला, तरी वाटा राहिला.

अडचण एवढीच, की तीन उन्हाळे झिंगूला लांबचं दिसत नव्हतं. हे कळलं तर टोकही जाणार नि वाटाही, म्हणून गडी मूग गिळून बसला होता. बायको धुरपता आंबील घेऊन येई, शेजारी जाळं सांधत बसे आणि मान वर न करता, नुसते डोळे उचलून पुटपुटे, "डावीकडे. चार कुरऱ्या हायेत." लगेच झिंगूचा हात डावीकडे, तोही काय ऐटीत! हात गड्यानंच करायचा, अशी तिथली रीत होती.

एक दिवस धुरपता बाजाराला गेली. झिंगू एकटाच बसला. उजवीकडे काहीतरी चमकलं, घिरट्या घालू लागलं. त्याने हात केला. जाळं पडलं, वर आलं नुसतं शेवाळ. पुन्हा हात, पुन्हा शेवाळ. शेवटी जाळ्याचा म्होरक्या सोमाजी टोकावर चढून आला. झिंगूच्या नाकासमोर हातभर अंतरावर चतुर उडत होते, उन्हात पंख चमकवत.

"झिंगूभाऊ, हे चतुर हायेत. कुररी पल्याड हाय."

डोंग्यांतले लोक पोट धरून हसले. उन्हावर ढकलून वेळ मारून नेता आली असती, पण झिंगू रात्रभर तळमळला. धुरपताचे डोळे आपल्या नावावर खपवले, याची त्याला आता खरोखर लाज वाटली.

सकाळी त्याने तिला सगळ्यांदेखत टोकावर बसवलं. "मले दिसत नाई. तीन सालापासून हीच पाहून राह्यली. हात हीच करन."

धुरपताने पदर सावरला आणि समोर हात केला. डोंगे जागचे हलेनात. मग सोमाजीने आपला वळवला, त्यामागे बाकीचे.

दुपारी सोमाजीने टोकाचा वाटा धुरपताच्या टोपलीत ओतला. "हा बाईचा." ती टोपली उचलायला वाकली, तोच झिंगूने ती आपल्या डोक्यावर घेतली.

"तू समोर चाल," तो म्हणाला, "मी तुह्या मांगं येतो."