तीन शिट्ट्यांची खात्री

राजापेठेत आमचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी बाबा बसायचे, आता मी बसते. कुकर दुरुस्त झाला की गिऱ्हाइकासमोर पाणी घालून गॅसवर ठेवायचा, तीन शिट्ट्या करायच्या आणि मगच हातात द्यायचा, ही बाबांची पद्धत. मीही तेच करत आले.

अलीकडे लोक ऑनलाइन मागवलेले सुटे भाग बसवायला आणायचे. डबा हुबेहूब कंपनीचा, आत नकली माल. मी त्यांना चांगलंच फैलावर घ्यायची. स्वभावच तिखट, त्यात धंदा बसत चाललेला. ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाई होत्या, त्यांना तर मी मोबाइलवरची ऑर्डर रद्द करायला लावून माझ्याकडचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून दिला. तीन शिट्ट्या झाल्या, बाई खूश होऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी त्या झाकण घेऊन आल्या. उजव्या हाताला पट्टी होती. शिट्टीत तुरीच्या डाळीचं साल अडकलं होतं. अशा वेळी व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफ निघून जायला हवी. तो वितळलाच नाही, आणि वाफ झाकणाच्या कडेतून डाळीसकट त्यांच्या हातावर आली.

"तुमचं आयकलं म्हणून ऑनलाइन नाई घेतलं," एवढंच त्या म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गॅसवर तवा ठेवला. बाबांच्या वेळचा एक जुना व्हॉल्व्ह आणि माझ्या खणातला एक नवा, दोन्ही त्यावर ठेवले. जुन्याचा धातू थोड्याच वेळात पाघळला. नवा तसाच. खणातला दुसरा ठेवला, तिसरा ठेवला, तेही तसेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिट्टी मोकळी असली की व्हॉल्व्हला काही कामच पडत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी मी इतकी वर्षं तीन शिट्ट्यांवर लोकांना खात्री देत होते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोल्याला गेले. व्हॉल्व्ह मी तिथल्या एका ठोक व्यापाऱ्यांकडून घेते; ते बाबांच्या वेळेपासूनचे, मी त्यांना काका म्हणते. वितळलेला आणि न वितळलेला, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही निरखले.

"काय करू पोरी? माह्या खरेदीपेक्षा सस्तं लोकं घरबसल्या मागवून राहिले. मंग दिवाळीले मीबी तिथूनच पेटी मागवली. डबा तोच, शिक्का तोच. मले काय मालूम?"

मला त्यांचा राग आला, पण मीही डबाच पाहिला होता.

दुकानावर पाटी लावली: दिवाळीनंतर इथून व्हॉल्व्ह बसवून घेतलेल्यांनी कुकर परत आणावा. चेहरे आठवतील त्यांच्या घरी गेले. काहींनी दारातच सुनावलं, ते ऐकून घेतलं. काही अजून सापडलेले नाहीत, आणि कुठे कुकर फुटल्याचं कानावर आलं की व्हॉल्व्ह कुठून बसवला होता ते मी आधी विचारते.

खुद्द कंपनीच्या डेपोतून नवा माल आणला, तेव्हा नर्सबाईंना निरोप पाठवला. त्या आल्या. मी व्हॉल्व्ह बसवला आणि सवयीनं कुकरमध्ये पाणी ओतायला लागले.

"शिट्ट्या राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याच डब्यातला एक तव्यावर ठेवून दाखवा मले."

बाबांकडे कधी कुणी असं मागितलं नव्हतं. मी तवा ठेवला.