माहिती देणाऱ्याचं नाव

"तिला घ्या मदतीला. तिच्या लोकांतल्या बाया तिच्यासमोर तोंड उघडतील."

डॉक्टर सहकाऱ्याला इंग्रजीत सांगत होते. मी दाराबाहेर वही घेऊन उभी. माझं इंग्रजी चांगलं म्हणून मला नेमलं, असं मी घरी सांगितलं होतं. आईनं गल्लीत गूळ वाटला होता.

डॉक्टर विलायतेत मानसशास्त्र शिकून बेळगावात आले होते. एकेका माणसाची हकिकत लिहून घेत आणि त्यावरून विद्यार्थ्यांना मनाचे रोग शिकवत. त्या माणसाला म्हणायचं केस. केसला नाव नाही, आकडा. बाया तोंड उघडतील म्हणून मला घेतलं, तरी हकिकत तिला विचारायची नाही, तिला आणणाऱ्याला विचारायची. वहीत पहिलाच रकाना: माहिती देणाऱ्याचं नाव.

सातवी केस निपाणीहून आली. दोघांनी दंडाला धरून ओढत आणली. तंबाखूच्या वखारीतली गंगव्वा. माझी आई तिच्याच शेजारी बसून तंबाखू चाळायची. मी तिला ओळखलं. मान खाली घातली.

माहिती वखारीच्या मालकानं दिली. "मुकादमाचा कान तोडला हिनं दातानं. उगंचच. तवापासनं मुकी झालीया. वेड्यांच्या इस्पितळात घाला, साहेब."

मी लिहिलं: विनाकारण.

तिच्या पाठीवर चामड्याच्या वादीचे वळ होते. चोळी रक्तानं चिकटलेली. "पडली," मालक म्हणाला.

मी लिहिलं: पडली.

डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं. जाड सुई तिच्या दंडात खुपसली. ती हलली नाही. पुन्हा खुपसली. रक्त कोपरावर आलं.

"पाहा. वेदनेची जाणीव नाही. लिही."

माझी मान खालीच होती, म्हणून मला तिचे पाय दिसत होते. बोटं फरशीवर घट्ट आत वळली होती. तरी लिहिलं: जाणीव नाही.

डॉक्टर हात धुवायला गेले. मालक पान थुंकायला. गंगव्वा माझ्याकडं वाकली. "माझ्या लेकीला वखारीत कोंडलतं त्या मुकादमानं. म्हणून चावलो. ह्यास्नी सांगून काय उपेग? तू तरी खरं लिव्हशील म्हटलं. न्हाय व्हय गं?"

त्या तीन ओळींवर तिला जन्मभर कोंडणार होते. वादी मालकाची, सुई डॉक्टरांची. अक्षर माझं.

डॉक्टर परत आले. सुई माझ्यापुढं धरली. "आता तू टोच. तुम्हा लोकांना मार खायची सवयच असते, नाही का?"

विद्यार्थी हसले.

मी सुई घेतली आणि खिडकीबाहेर फेकली. तिन्ही ओळींवर कागद फाटेपर्यंत रेघा ओढल्या. मालक धावत आत आला. त्यानं माझी वेणी मुठीत धरून डोकं टेबलावर आपटलं. "तुझी आई माझ्याच वखारीत हाय. उद्यापासनं पाय ठेवू देणार न्हाय!"

ओठ फुटला. वही सोडली नाही. त्या खोलीत मी कधी आवाज चढवला नव्हता, बायाही 'येतो-जातो' म्हणतात ती घरची बोली तर कधीच काढली नव्हती. पहिल्या रकान्यातलं मालकाचं नाव खोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"तिला दुखतंया. माहिती देणारी गंगव्वा, सोता. बोल मावशी, मी लिव्हतो."