दुसऱ्या कपावरचं इंजिन

पत्र्याचा डबा, फुग्याचं रबर, थर्माकोलची चकती आणि चाकाच्या जागी एक जुनी सीडी. एवढ्यावर मी घरीच इंजिन केलं. गरम चहाच्या कपावर ठेवून चाक बोटानं जरा ढकललं की ते फिरू लागतं. डब्यातली हवा खाली तापते, वर निवते, त्यावरच ते चालतं.

माझी बायको सुमन गेली, तरी सकाळी माझ्या हातून आधण दोन कपांचंच ठेवलं जातं. दुसरा कप ओतून टाकवत नाही, म्हणून त्यावर इंजिन ठेवतो.

आज खालच्या मजल्यावरच्या मालतीबाई वाटी परत द्यायला आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

"थांबतं कधी हे, भाऊ?"

"वरचं आणि खालचं सारखं झालं की."

"तुमच्याकडे कधी सारखं नव्हतं," त्या हसून म्हणाल्या. "वहिनींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. तुमचा कधी दारापर्यंतही आला नाही."

त्या गेल्यावर चाक मंदावत थांबलं. मी कपाला हात लावून पाहिला, मग वरच्या पत्र्याला. दोन्ही सारखेच कोमट होते. उगाच एकदा बोटानं ढकललं. चाक अर्धा फेरा फिरलं आणि मागे आलं.