नाताळच्या यादीतले पत्ते

"इनके दादा गेहूँ के लिए ईसाई बने थे। इन्हें कानून क्या समझाएँ।"

वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्याशी बोललेलं नव्हतं. सर चर्चच्या पाळकांकडे बघून बोलले. मी त्यांच्यापासून तीन फुटांवर, मांडीवर वही घेऊन बसले होते. कमिटीची बैठक होती, खोलीत अकरा माणसं होती. आधी पाळक हसले, मग बाकीचे. मोठ्याने नाही. लहान मूल मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं तेव्हा हसतात, तसे.

मीही हसले.

ते हसू मला अजून आठवतं. भांडी घासताना, बस थांब्यावर उभी असताना एकदम आठवतं आणि तोंड कडू होतं. शिवी विसरता येते. आपण त्यात सामील झालो हे विसरता येत नाही.

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा नवीन सेक्टर वसत होते. मेट्रोचे खांब उभे राहायला लागले होते, वर पूल नव्हता. आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी उपासना व्हायची. शाळाही चर्चचीच. मी तिथे क्लार्क होते. हजेरी, दाखले, फीच्या पावत्या आणि वर मंडळीचं रजिस्टर. शाळेमागची एक खोली मला राहायला दिली होती. नवरा फरीदाबादच्या कारखान्यात, शनिवार-रविवारी यायचा. मूलबाळ नव्हतं.

सर म्हणजे कमिटीचे अध्यक्ष. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेलं, हे ते कुठल्याही बोलण्यात आणत. तीन पिढ्या झाल्या होत्या, तरी जात त्यांच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेली होती, पगडीवाल्या पणजोबांच्या फोटोत. मी अहमदनगरकडची. आमची वस्ती गावाबाहेरची. आजोबांनी दुष्काळात मिशनच्या आवारात बाप्तिस्मा घेतला. तिथे गहू मिळायचा हे खरं आहे. आमच्या घरी ते कुणी कधी लपवलं नाही. पण सरांना मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या आडनावावरून ओळखलं असणार.

त्या दिवशीचा विषय होता बर्मी लोकांचा. बर्मातल्या डोंगरी भागातली ही माणसं. तिथल्या लष्कराच्या भीतीने पळून मिझोराममार्गे दिल्लीत आलेली. आमच्या जवळच्या वस्त्यांमध्ये एकेका मजल्यावर तीन-तीन कुटुंबं राहायची. सगळी ख्रिस्ती. आमची उपासना संपली की दुपारी त्याच हॉलमध्ये त्यांची व्हायची. त्यांच्यासारखं गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पुस्तक नाही, पेटी नाही, चार सुरांत सगळे एकदम.

आजूबाजूच्या सोसायट्यांनी तक्रार केली होती. त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो, ही माणसं कोण आहेत, कागद आहेत का. पोलीस ठाण्यातून चर्चला विचारणा आली. त्याच सुमाराला आमच्या चर्चसाठी जमीन मिळायची फाइल सरकारी ऑफिसात अडकली होती. सरांनी दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. आपण इथे मूठभर आहोत. आपल्याकडे संशयाने बघितलं जातं. आपणच कायदा पाळला नाही तर आपल्याला जमीन कोण देणार? पाळकांनी मान हलवली. सत्ता देवाने नेमलेली असते, तिच्या अधीन राहणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, असं त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मग ठरलं, बर्मी कुटुंबांची नावं-पत्ते ठाण्यात द्यायचे.

पत्ते माझ्याकडे होते. मागच्या नाताळात आम्ही गाणी म्हणत घरोघरी गेलो होतो. तेव्हा मीच वही घेऊन प्रत्येकाला विचारलं होतं, तुमचं घर कुठे, कुठल्या मजल्यावर, जिना कुठून. त्यांनी कौतुकाने सांगितलं होतं. आपल्याकडे कुणीतरी येणार म्हणून.

तेव्हा मी एवढंच म्हणाले, "सर, ये पते उन्होंने कैरल के लिए दिए थे। भरोसे से।"

त्यावर ते गव्हाचं वाक्य आलं.

सोमवारी मी यादी टाइप केली. चौदा घरं. शाळेचा जुना प्रिंटर कर्रकर्र करत एकेक ओळ काढत होता. चौथ्या नंबरावर मावी होती. मावीच्या नवऱ्याला लष्कराने ओझी वाहायला म्हणून नेलं, तो परत आला नाही. ती मुलीला पाठीशी बांधून डोंगर उतरली होती. इथे कपड्यांच्या कारखान्यात शिवलेल्या शर्टांचे सुटे धागे कापायची. तिची मुलगी सुई आमच्याच शाळेत पहिलीत होती. तिचा दाखला मीच भरला होता.

चौथी ओळ गाळावी असं मनात आलं. बोट थांबलंही. मग वाटलं, कुणीतरी वही पडताळून बघेल. माझी खोली जाईल. नोकरी जाईल. मी ओळ ठेवली.

आणि सांगितलंही नाही. हे मला जास्त छळतं. रविवारी मावी हॉलच्या दारात भेटली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "दीदी, तबियत ठीक नहीं?"

मी म्हटलं, "सिर दुख रहा है।"

तिने पिशवीतून पुदिन्याच्या वासाचं मलम काढलं आणि माझ्या कपाळाला लावलं. तिथेच, सगळ्यांसमोर. मी लावून घेतलं. दोन वाक्यं पुरली असती. यादी गेली आहे, कुठेतरी जा. मी ती बोलले नाही.

त्या आठवड्यात बुधवारी शाळा सुटली. मुलं गेली. सुई माझ्या ऑफिसातल्या बाकावर येऊन बसली. दप्तर पाठीवर तसंच.

"मम्मी आएगी," ती म्हणाली.

मला कळलं. कुणी फोन केला नव्हता, काही नाही. तरी कळलं.

दोन वाजले, तीन वाजले. मी तिला माझ्या डब्यातली पोळी दिली. तिने अर्धी खाल्ली आणि अर्धी आईसाठी म्हणून कागदात गुंडाळली. चार वाजता शिपायाने वर्गांना कुलपं लावली. सुई उठली, माझ्या टेबलाशी आली.

"आंटी, आपको तो हमारा घर मालूम है ना? चलिए।"

आपको तो हमारा घर मालूम है. सहा वर्षांच्या पोरीने मला एवढं एकच वाक्य म्हटलं. सरांच्या वाक्याने माझी मान खाली गेली होती. या वाक्याने मी उभी चिरली गेले.

तिचा हात धरून गेले. तिसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप. समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईने दार इंचभर उघडलं. तिने सांगितलं, सकाळी पोलीस आले होते. हातात कागद होता. नावं वाचून दारं ठोकत होते. बहुतेकांची निर्वासितांच्या ऑफिसातली पत्रं चालू होती. मावीच्या पत्राची मुदत संपली होती, नवीन तारीख पुढच्या महिन्याची होती. तिला आणि आणखी दोघांना नेलं. म्हातारीने मला ओळखलं. नाताळात तिने आम्हाला सगळ्यांना चहा पाजला होता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने दार लावून घेतलं.

सुईला मी खोलीवर आणलं.

शनिवारी नवरा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, तू नसतं केलंस तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

मी म्हटलं, "अहो, पण मी केलं ना."

माझ्या वडिलांनी कधी प्रवचन केलं नाही. मिशनच्या शाळेत ते शिपाई होते. पण शास्त्रातली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. शेत कापताना कडेचं पीक सोडून द्यायचं, ते परक्याचं. "ही दया नाही बरं का," ते म्हणायचे. "कायदा आहे. त्याचा हक्क आहे." आम्हाला हसू यायचं, कारण आमच्याकडे शेतच नव्हतं. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं की ते काय सांगत होते. पाळक एक कायदा सांगत होते. दुसराही कायदाच होता, त्याच शास्त्रातला, आणि तो त्यांनी आम्हाला कधी सांगितला नव्हता.

मावीला परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात नेलं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एक तरुण वकीलबाई तिची केस बघत होत्या. त्यांनी मला समजावलं. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. जीव वाचवायला आलेला आणि ताजमहाल बघायला येऊन मुदत संपल्यावर राहून गेलेला, दोघं एकाच कलमात. परत पाठवण्याचा हुकूम निघू शकतो. परत म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्यांनी चर्चकडे एक पत्र मागितलं होतं, की ही बाई तीन वर्षं इथे उपासनेला येते, तिची मुलगी या शाळेत आहे. एवढंच.

कमिटीने पत्र तयार केलं. त्यात लिहिलं होतं, सदर महिलेचा आमच्या मंडळीशी काही संबंध नाही. रजिस्टर सांभाळणारी म्हणून खाली माझी सही हवी होती.

सर स्वतः शाळेच्या ऑफिसात आले. कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. पाळक दारात उभे होते.

मी म्हटलं, "सर, इनका नाम रजिस्टर में है। मैंने लिखा है।"

"रजिस्टर नया बन जाएगा।"

"दस्तखत नहीं करूँगी।"

सरांना आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पेन आणखी पुढे केलं. मी हात मांडीवर ठेवले. खोली जाईल हा विचार तेव्हाही डोक्यात होता. हे मी लपवत नाही. मी शूर वगैरे नव्हते.

"तुम अपने आपको कानून से ऊपर समझती हो?"

"नहीं सर। मैं कानून के सामने जाकर बोलूँगी।"

मग ते शांतपणे म्हणाले, की तुमच्यासारख्यांना आम्ही नोकरी दिली, छप्पर दिलं. पुढे काय येणार ते मला माहीत होतं, म्हणून मीच म्हटलं.

"हाँ सर। मेरे दादा को भूख लगी थी। गेहूँ मिला, खाया। इसमें शर्म की बात मुझे नहीं दिखती।"

पाळकांनी नजर खाली वळवली. या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही.

आठवड्याभरात खोली सोडावी लागली. सामान, सुई आणि मी फरीदाबादला आलो, नवऱ्याच्या एका खोलीत.  नवऱ्याने सुईसाठी खाट आणली.

वकीलबाईंनी माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं. मी त्यांना सांगितलं, एक ओळ आणखी घाला. पोलिसांकडे गेलेली यादी मी टाइप केली. त्या म्हणाल्या, केससाठी याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे.

कोर्टात ते वाचलं गेलं तेव्हा मावी तिथे होती. एक महिला पोलीस तिच्या दंडाला धरून उभी. बाजूचा दुभाषा तिच्या कानात तिच्या भाषेत सांगत होता. कुठल्या ओळीशी तो आला ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

चार महिन्यांनी तिला सोडलं. पत्राची मुदत वाढवून मिळाली, महिन्यातून एकदा हजेरी द्यायची अट. सुईला न्यायला ती फरीदाबादला आली. अर्धी झाली होती. केस कापलेले. सुई धावली नाही. दारात थांबून आईकडे ओळख पटेपर्यंत बघत राहिली.

मावीने मला विचारलं, "लिस्ट आपने बनाई?"

"हाँ।"

"क्रिसमस की नोटबुक से?"

"हाँ।"

तिने सुईचे कपडे पिशवीत भरले. एकेक, घडी घालून. दारात वळली आणि म्हणाली, "बच्ची को खाना दिया। उसके लिए धन्यवाद।"

त्याच्यासाठी. बाकी कशासाठी काही नाही. तिने मला माफ केलं नाही, मी मागितलंही नाही. दोन वर्षांनी त्या दोघी कुठल्या तरी थंड देशात गेल्या असं ऐकलं. यादीतले दुसरे दोघं सुटले की नाही, मला आजवर कळलेलं नाही. वकीलबाईंनाही नाही. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला अजूनही मी हातातलं काम थांबवते. दाराशी कुणी उभं आहे असं वाटतं. कुणी नसतं.

तिकडे जमीन मिळाली. चर्च उभं राहिलं, मोठं आहे म्हणतात. पाळक एकदा फरीदाबादला येऊन गेले. म्हणाले, देवाने तुम्हाला क्षमा केली आहे, आता तुम्ही स्वतःला करा. मी त्यांना चहा दिला. म्हटलं, तुम्ही मावीला विचारून आलात का? ते चहा अर्धा ठेवून उठले.

मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या कमिटीची दोन माणसं आली. मागच्या झोपड्यांत कचरा वेचणारी बंगाली कुटुंबं राहतात, त्यातल्या बायका माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. मला सगळ्यांची नावं माहीत. कोण कुठून आलं तेही. ती माणसं छापील तक्ता घेऊन आली होती, नाव, धर्म, मूळ गाव, कधीपासून. माझ्या इथल्या मंडळीतली एक बाई त्यांच्यासोबत होती. ती मला मराठीत म्हणाली, "द्या ना लिहून, ताई. ते कुठे आपले आहेत?"

मी म्हटलं, मी देणार नाही. ज्याला विचारायचं आहे त्याने त्यांच्या दारात जाऊन, कायद्याचा कागद दाखवून विचारावं. आणि ते विचारतील तेव्हा मी त्या दारात उभी असेन.

माणूस म्हणाला, "ठीक है, हम लिख देंगे कि जानकारी नहीं है।"

"नहीं," मी म्हटलं. "जानकारी है। लिखिए कि देने से इनकार किया।"

तो लिहीना. पेन हातात धरून नुसता उभा राहिला. मग मी त्याच्या हातातून तक्ता घेतला, ते वाक्य माझ्या अक्षरात लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं, आडनावासकट.